सही करण्याआधी

गाठ मला स्टाफरूममध्ये सापडली. सहामाहीचे पेपर तपासत होते, डावा हात मानेवर टेकवून. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कसा तयार होतो, या प्रश्नाला एका पोराने इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर लिहिलं होतं की मी एकटीच हसले, आणि हसताना बोटाखाली काहीतरी सरकलं. वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून मी दीड महिना कुणाला सांगितलं नाही. हा मूर्खपणा होता, आणि तुम्ही तो करू नये म्हणून आधी तोच सांगितला.

मी म्हसळ्याला एका कॉलेजात भूगोल शिकवते. घर श्रीवर्धनच्या बाजूला. नारळ-सुपारीची वाडी आहे, ती माझा नवरा सुहास बघतो. सासूबाई आहेत, आणि मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा बारावीला होती.

माणगावच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासलं आणि म्हणाले, "मुंबईला दाखवा. उशीर करू नका." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. येताना सुहासने स्टँडवर डझनभर केळी घेतली. का घेतली, त्यालाही माहीत नसावं. ती कुणी खाल्ली नाहीत.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि सुहासकडे बघून म्हणाले, "तुम्ही जरा थांबा. मॅडमना बाहेर बसू द्या."

"गाठ माझ्या मानेत आहे डॉक्टर," मी म्हटलं. "मी बसते. हवं तर हे बाहेर जातील."

सुहास खरोखरच उठला. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. मग डॉक्टरांनी ते नाव घेतलं. लिम्फोमा. बरा होण्यासारखा आहे म्हणाले, पण तीन-तीन आठवड्यांनी सहा वेळा औषध चढवावं लागेल. काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून आलं, "मुलीची बारावी आहे." हा काही प्रश्न नव्हता. तरी ते म्हणाले, "ती देईल बारावी. तुम्ही औषध घ्या."

*

घरी सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, टायफॉइड आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, भाजीवालीला, अगदी सख्ख्या बहिणीलासुद्धा. त्यांना वाटे, नाव घेतलं की ते घरात कायमचं राहायला येईल. मुक्ताने मात्र कपाटातली फाईल शोधली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, टायफॉइडला केमो देतात का?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आजीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "यापुढे कुणी विचारलं तर मी खरं सांगणार आहे." सासूबाई रडल्या, पण त्यानंतर घरात श्वास घेणं सोपं झालं.

सुहासला कठीण गेलं. तो सकाळी वाडीत जाई तो जेवायलाच येई, आणि जेवून पुन्हा वाडीत. माझ्या खोलीच्या दारातून विचारी, "काही हवंय?" आत येत नसे. पहिल्या औषधानंतर उलट्यांनी मी अर्धी झाले होते, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. "मी मेलेली नाही अजून! आत ये आणि बोल माझ्याशी."

तो आला. खाटेच्या कडेवर बसला. "काय बोलू? मला भीती वाटते."

"मलाही वाटते."

त्या महिन्यातलं आमचं ते सगळ्यात चांगलं बोलणं. त्यानंतर प्रत्येक वेळी तो माझ्याबरोबर मुंबईला आला. एसटीत खिडकीची जागा मला द्यायचा आणि थर्मासमधून कोकमाचं सार. तेवढं एकच पोटात राहायचं.

*

औषध चढवायचा वॉर्ड म्हणजे ओळीने मांडलेल्या खुर्च्या. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, नंबर लागला की खुर्ची मिळायची, मग सिस्टर शीर शोधायच्या. पाच-सहा तास बाटलीकडे बघत बसायचं. पहिल्यांदा घाबरायला होतं, दुसऱ्यांदा कंटाळा येतो, तिसऱ्यांदा शेजारीण मिळते.

माझी शेजारीण झुबेदा आपा. आमच्याच बाजूच्या, म्हसळ्याजवळच्या गावातल्या. मुलगा कुवेतला, बरोबर सून शबनम. आपांचं वय साठीच्या पुढे. अक्षरओळख नाही, पण वॉर्डातली प्रत्येक बाटली रंगावरून ओळखायच्या. "ही लाल आली की पाणी भरपूर पी बाय, नायतर आग होते," हे मला डॉक्टरांनी नव्हे, त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या औषधाच्या वेळी एक तरुण डॉक्टर माझ्या खुर्चीपाशी आली. डॉ. मेघना. हातात कागदांचा गठ्ठा.

"मॅडम, आमचा एक अभ्यास चालू आहे. या औषधांनी बोटांना मुंग्या येतात. औषध चालू असताना गोठवलेले हातमोजे घातले तर त्या कमी होतात का, ते बघतोय. तुम्ही तर प्रोफेसर आहात, तुम्हाला समजावायची गरज नाही. इथे शेवटच्या पानावर सही."

कागद इंग्रजीत होता. मी मराठी प्रत मागितली. होती. तिचं पहिलं वाक्य 'परिधीय चेताविकृतीच्या प्रादुर्भावाचे तुलनात्मक मूल्यमापन' असं काहीतरी होतं. मी डॉक्टरेट केलेली बाई. ते वाक्य तीनदा वाचलं.

"हे मला कळत नाही," मी म्हटलं. "तुम्ही बसा आणि सांगा. नाही म्हटलं तर माझ्या उपचारात फरक पडेल? मोजे कुणाला मिळणार, हे कोण ठरवणार? आणि या सगळ्याचे पैसे कोण देतंय?"

ती क्षणभर गोंधळली. मग तिने स्टूल ओढलं. इतर डॉक्टरांतला आणि तिच्यातला फरक मला तिथेच दिसला. ती चिडली नाही.

"नाही म्हटलंत तर काहीच फरक पडणार नाही. आज हो म्हणून उद्या नाही म्हटलंत तरी नाही. मोजे कुणाला, ते कॉम्प्युटर ठरवतो, मी नाही. आणि पैसे..." ती थांबली. "मोजे बनवणाऱ्या कंपनीचे. माझा या वर्षीचा पगारही त्यातूनच. पण निकाल कंपनीला आवडो न आवडो, तो आम्ही छापायचा, असा करार आहे."

"हे कागदावर कुठे आहे?"

तिने पानं उलटली. होतं. सहाव्या पानावर, बारीक अक्षरात, अर्ध्या ओळीत.

"पुढच्या वेळी येताना करार दाखवाल?"

"दाखवते," ती म्हणाली.

ती गेली, आणि मी बाटलीतले थेंब बघत बसले. मला खूश व्हायला हवं होतं. चांगले प्रश्न विचारले होते, सरळ उत्तरं मिळाली होती. पण मला माझाच एक जुना कागद आठवत होता.

*

आजारी पडायच्या आधी वर्षभर मी एक सर्वेक्षण करत होते. आमच्या खाडीपलीकडे कोळ्यांची वस्ती आहे. तिथे एका खाजगी कंपनीला जेटी बांधायची होती, आणि त्यांनी कॉलेजला पैसे दिले होते: तिथल्या बायकांचं काम, मासळी सुकवायच्या जागा, त्यांची मतं, सगळं नोंदवून द्या. मी एकेका बाईकडे तासन् तास बसले. बोलणं रेकॉर्ड केलं. संमतीच्या कागदावर अंगठे घेतले, सह्या घेतल्या.

हिराबाई म्हणून एक होती. मासळी सुकवणाऱ्या बायकांची म्होरकी. तिने अंगठा द्यायच्या आधी विचारलं होतं, "बाई, ह्ये कुनाच्या पैशानं?"

मी म्हटलं होतं, "कॉलेजचं काम आहे."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. कंपनीचं नाव काढलं तर बायका तोंड उघडणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. मेघनाच्या सहाव्या पानावर निदान अर्धी ओळ होती. माझ्या कागदावर तीही नव्हती.

सुहासला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्ता हा विचार करू नकोस. आधी बरी हो." तो बरोबर होता. मी ते बाजूला ठेवलं. पण विसरले नाही.

*

पुढच्या खेपेला मेघनाने करार आणला. मी वाचला आणि सही केली. कॉम्प्युटरने मला मोजे दिले नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नुसती बोटांची तपासणी व्हायची, डोळे मिटून बटण लावायचं, नाणं ओळखायचं.

झुबेदा आपा हे सगळं बघत होत्या. त्यांनी मेघनाला हाक मारली.

"ए डॉक्टर बेटी, मला का नाही विचारलं?"

मेघना अवघडली. "आपा, नियम आहे. कागद स्वतः वाचता यायला हवा."

आपांनी दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या थापलेले हात. "वाचता नाही येत, तर माझ्या हाताला मुंग्या येत न्हायत काय?"

वॉर्डात दोघी-तिघी हसल्या. मेघना हसली नाही. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण नियम मी एकटी बदलू शकत नाही. विचारावं लागेल."

मला वाटलं, संपलं. असं म्हणून माणसं जातात ती परत येत नाहीत. पण चौथ्या औषधाच्या वेळी ती आली, बरोबर दुसऱ्या वॉर्डातल्या एक समाजसेविका होत्या. रुग्णालयाच्या नीतिसमितीने बदल मान्य केला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सगळा कागद त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचा, आणि या अभ्यासाशी संबंध नसलेलं माणूस साक्षीला बसवायचं. मराठी मजकूरही नव्याने लिहिला होता. 'परिधीय चेताविकृती' गेली होती. तिथे 'हातापायांना मुंग्या येणे' आलं होतं. आणि पैसे कुणाचे, ते पहिल्याच पानावर, ठळक.

आपांनी पूर्ण कागद ऐकला. मध्ये चार वेळा थांबवलं. शबनम कंटाळून म्हणाली, "अम्मी, द्या ना अंगठा." तर आपा म्हणाल्या, "निकाहच्या वेळी पण मी एवढं ऐकलं नव्हतं. आता ऐकू दे."

त्यांना मोजे मिळाले. मी जळले. त्यांनी तासभर ते घातले आणि म्हणाल्या, "इन्शाअल्लाह, फायदा व्हईल." पाचव्या वेळी मात्र घातल्या घातल्या त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गारठ्याने जुनी सांधेदुखी उसळली होती.

"नको बेटी. मी न्हाय करत आता."

मी मेघनाच्या तोंडाकडे बघत होते. तिने एवढी धडपड करून ज्यांना आत घेतलं, त्याच बाहेर पडत होत्या. तिने मोजे काढून घेतले, आपांचे हात टॉवेलात गुंडाळले, कागदावर काहीतरी लिहिलं.

"काय लिवलंस?" आपांनी विचारलं.

"तुम्ही स्वतःच्या इच्छेने थांबलात, आणि मोज्यांनी हात दुखले म्हणून. हेही अभ्यासात जाणार. चालेल ना?"

"चालेल. खरं हाय ते."

मग तिने आपांसाठी चहा मागवला. लाल बाटली ठरल्या वेळी लागली, सिस्टरांनी तितक्याच मायेने शीर शोधली. आपांच्या 'नाही'ची कुणी किंमत वसूल केली नाही. मी त्या दिवशी ठरवलं की बरी झाले की खाडीपलीकडे जायचं.

*

सहावं औषध झालं. स्कॅन झाला. डॉक्टर या वेळी माझ्याकडे बघून बोलले, "काही उरलेलं दिसत नाही." सुहासने बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकवलं. मुक्ताला फोन केला तर तिने एवढंच विचारलं, "नक्की? रिपोर्टचा फोटो पाठव." माझी मुलगी.

बोटांना मुंग्या आहेत अजून. ब्लाउजची हुकं लावायला वेळ लागतो, फळ्यावर लिहिताना खडू कधी कधी निसटतो. हळूहळू कमी होईल म्हणतात. मोज्यांचा निकाल अजून आलेला नाही. आला की सगळ्यांना कळवीन, असं मेघनाने लिहून दिलंय.

कॉलेजला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी प्राचार्यांकडे गेले आणि सर्वेक्षणाचं सांगितलं. ते हादरले.

"मॅडम, अहवाल जवळजवळ तयार आहे. तुमच्या बढतीच्या फाईलमध्ये तो लागतो. आता हे कशाला उकरून काढता? कुणी विचारलंय का?"

"एकीने विचारलं होतं," मी म्हटलं. "मी उत्तर दिलं नाही."

"आजारपणाने माणूस हळवं होतं."

"सर, मी हळवी झालेली नाही. मी कागद वाचायला शिकले."

त्यांनी मला अडवलं नाही. कंपनीला त्यांनीच पत्र पाठवलं, की बायकांना सगळं सांगितल्याशिवाय आणि पैसे कुणाचे ते पहिल्या पानावर छापल्याशिवाय अहवाल मिळणार नाही. कंपनीकडून बरेच फोन आले. मग यायचे थांबले.

तुमच्यापैकी कुणी आत्ता त्या खुर्चीत बसलं असेल, तर एक सांगते. कुणी अभ्यासाचा कागद घेऊन आलं तर घाबरू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आपल्याआधी कुणीतरी हो म्हटलं म्हणून आपल्याला हे औषध मिळतंय. पण समोरच्याला बसायला सांगा. बाटली संपायला वेळ असतो, तुम्हाला कुठे जायचं नसतं. काय करणार, कोण ठरवणार, पैसे कुणाचे, मधेच सोडलं तर काय, हे तुम्हाला कळेल अशा बोलीत विचारा. जो चांगला असेल तो स्टूल ओढून बसेल. जो उभ्यानेच 'सही करा' म्हणेल, त्याला म्हणावं, पुढच्या वेळी बघू.

*

मी तरीच्या होडीतून खाडी ओलांडली तेव्हा डोक्याला रुमाल होता. केस नुकते फुटत होते. वस्तीतल्या बायकांनी मला आधी ओळखलंच नाही. मग हिराबाईने ओळखलं. "अगं बाई, काय झालं तुला?" मी सांगितलं. टायफॉइड म्हणाले नाही.

देवळापुढे सगळ्या जमल्या. मी बसले आणि पहिल्यांदा तेच सांगितलं. ते सर्वेक्षण कंपनीच्या पैशाने झालं होतं, ज्यांना जेटी बांधायचीय त्यांच्या. मला माहीत होतं. मी लपवलं.

एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. एक म्हणाली, मी तर जेटी हवी म्हटलं होतं, माझं राहू दे. दुसरी म्हणाली, काय लिवलंय ते आदी वाचून दाखव. तिसरी उठून निघून गेली. हिराबाई माझ्याकडे बघत होती.

"म्या इचारलं व्हतं तुला."

"व्हय."

"मग तवा का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही बोलला नसतात म्हणून."

"आन् न बोलायचा माजा हक्क न्हाय?"

त्या दिवशी आणि पुढच्या दोन खेपांत मी प्रत्येकीचं म्हणणं तिला वाचून दाखवलं. कितीतरी जागी त्यांनी मला दुरुस्त केलं. "असं न्हाय म्हनले मी. तू तुझं घातलंस." खरंच घातलं होतं. बहुतेकींनी ठेवायला सांगितलं, काहींनी नाव काढायला. अहवाल आता बारीक झालाय, आणि बढतीची फाईल अजून टेबलावर आहे. असू दे.

हिराबाईची मुलाखत त्या सगळ्यांत उत्तम होती. तिचा नवरा बोटीवरून परतला नाही त्या वर्षाचं, सुकटीला ऊन किती लागतं त्याचं, वाऱ्याची दिशा नाकाने कशी कळते त्याचं. तशी मुलाखत मला पुन्हा मिळणार नाही. शेवटच्या खेपेला मी तिच्या ओट्यावर बसले आणि विचारलं, "तुझं काय करू?"

"पूस," ती म्हणाली. "समदं."

"बरं."

मी फोन काढला. ती म्हणाली, "थांब. आदी ऐकीव."

मी लावलं. तिचाच आवाज ओट्यावर बोलायला लागला. तिने सुनेला आतून हाक मारून बोलावलं. दोघी ऐकत बसल्या. नवऱ्याचं आलं तेव्हा सून तिच्याकडे बघायला लागली. हे तिने घरात कधी सांगितलं नव्हतं. हिराबाईने पदर तोंडाला लावला, पण थांबव म्हणाली नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

मग तिने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाकीचं तुला म्या सांगीन," ती तिला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "आता पूस."

मी पुसलं. स्क्रीन तिच्यापुढे धरली. तिने वाकून नीट बघितलं.

"गेलं?"

"गेलं."

ती उठली, सुकटीची पाटी उचलली, आणि दोघी सासू-सुना बोलत बोलत वाळवणाकडे चालायला लागल्या.